मनमाड ते केडगाव : दुष्काळातील दैनंदिनी (लेखांक दुसरा)

मंगळवार, ता. 24 एप्रिल 1973. मनमाड स्टेशन, रात्री साडेदहा

नाशिकरोडहून निघण्यासच एक तास वीस मिनिटे उशीर. परिणामी दौंडकडे जाणारी गाडी चुकली, पुढची पहाटे. तिकीट 2 रु. 15 पैसे, हमाल 50 पैसे, चहा दोन वेळा 50 पैसे, पुरीभाजी 75 पैसे. वळकटीचा पट्टा तुटला. गुडघा दुखतो. फलाटावरचा नळ कोरडा; एका बाईने तांब्याभर पाणी दिले, पैसे घेतले नाहीत.

पुनरुत्थानाचा सण होऊन दोनच दिवस झाले, पण माझे मन अजून त्याच्या आधल्या शुक्रवारीच अडकून पडले आहे. अधिक लिहिण्याचे त्राण नाही.

बुधवार, ता. 25. राहुरी

नागपूरहून राजनांदगावास जाताना कै. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला, त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेविली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही हकीकत आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरी इतक्या वेळा सांगितली जाते, की रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात शिरताना माझ्यासारख्या साठी उलटलेल्या मनुष्यालाही, आपल्यासाठी कोणी काही घेऊन बसला असेल काय, अशी आशा वाटल्यावाचून राहत नाही. मला भेटला तो कोंबड्यांचा व्यापारी. त्याच्या दोन खुराड्या माझ्या पायांखाली, आणि माझी बिनपट्ट्याची वळकटी त्याच्या मांडीवर, अशा तडजोडीने आम्ही बेलापूरपर्यंत आलो. गुरे छावणीत गेली, माणसे खडी फोडावयास गेली, कोंबडीला मात्र सरकारने कोठेच घातले नाही, अशी त्याची तक्रार होती. ती मला रास्त वाटली.

कालव्याच्या पट्ट्यातला ऊस अद्याप हिरवा धरून आहे. त्यापलीकडे डोळा जाईल तेथवर जमीन उघडी, आणि कडूनिंब तेवढे जिवंत.

राहुरी म्हटले की पुन्हा टिळकच आठवतात, पण आज त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अधिक आठवल्या. पतीने 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्या कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, पुढे त्यांच्याजवळ आल्या, आणि त्यानंतर पुष्कळ झगडून स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आल्या. आमच्या व्यासपीठावरून या कथेचा शेवट सांगण्याची प्रथा आहे. मधली वर्षे, ज्यांत दोघांपैकी कोणालाही पुढचे काही ठाऊक नव्हते, ती उपदेशकाच्या घड्याळात बसत नाहीत. लक्ष्मीबाईंनी स्वतः मात्र 'स्मृतिचित्रां'त ती वगळली नाहीत, आणि सांगताना पुष्कळदा हसल्याही.

मुक्काम येथील पाळकसाहेबांकडे. जेवणास मिलो ज्वारीची भाकरी आणि पिठले. भाकरी तांबडी, थापताना चिरते आणि थंड झाली की चामड्यासारखी होते. पाळकीणबाई प्रत्येक भाकरीगणिक क्षमा मागत होत्या. गुडघा दुखतो.

गुरुवार, ता. 26. राहुरी ते नगर

एस. टी. 1 रु. 40 पैसे. टायर फुटून पाऊण तास. लिंबूपाणी 20 पैसे. वळकटीस सुतळी 15 पैसे. दुपारी मिलोची भाकरी. गुडघा तसाच.

शुक्रवार, ता. 27. अहमदनगर

आज रागावलो आहे, आणि रागाने अक्षर बिघडते हे ठाऊक असूनही लिहितो.

ह्यूम मेमोरियल चर्चवरून सकाळी गेलो. दारे बंद होती, पायऱ्यांवर सावली होती, तेथे अर्धा तास बसलो. सायंकाळी एका घरी पर्जन्यासाठी प्रार्थनासभा भरली होती. बाहेरगावचा एक तरुण उपदेशक आला होता. बोलण्यात ओघ, अंगावर इस्त्रीचा पोशाख. तीन वर्षे पाऊस का नाही? तर आपल्या विश्वासात उणीव आहे म्हणून. देवाच्या अभिवचनांवर पूर्ण विश्वास ठेवा, म्हणजे मागितलेले मिळालेच पाहिजे, असे तो म्हणाला, आणि चाळीस-पन्नास माणसे, ज्यांच्या हातांना खडीचे घट्टे पडले आहेत, ती माना खाली घालून ऐकत राहिली.

माझी पत्नी गेल्या सप्टेंबरात वारली. अकरा महिने आजारी होती. तिच्या पवित्र शास्त्राच्या प्रतीत, ज्या ज्या ठिकाणी देवाने काही देऊ केले आहे त्या त्या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ आहे. शेवटच्या महिन्यांतल्या रेघा वाकड्या आहेत. तिच्या विश्वासात उणीव होती असे त्या तरुणाने माझ्या तोंडावर म्हणून पाहावे.

चौतीस वर्षे मी दस्तनोंदणीच्या कचेरीत काढली. त्यामुळे अभिवचन म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे साठेखत येते: अमुक मिळकत, अमुक मोबदला, इतका विसार पोचला, आणि अमुक मुदतीत खरेदीखत करून देईन. मराठी शास्त्रात पौलानेही पवित्र आत्म्याला 'विसार'च म्हटले आहे. भाषांतरकार आमच्या कचेरीतला असावा असे मला नोकरीस लागल्यापासून वाटत आले. परंतु या एका दस्तात मुदतीचा रकाना कोरा आहे. कोणी तो आपल्या हाताने भरू लागला, मग ती रक्कम पावसाची असो वा आरोग्याची, तर आमच्याकडे त्यास दस्तात खाडाखोड म्हणत.

अब्राहामाला अवघ्या देशाची सनद मिळाली होती, तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. इसहाक झाला तेव्हा शंभर. आणि सारा वारली त्या दिवशी, ज्या देशाची सनद आपल्या नावे आहे त्याच देशात, बायकोला पुरण्यापुरती जागा त्याला हित्ती लोकांकडून चारशे शेकेल रुपे तोलून विकत घ्यावी लागली. तो तेथे भांडला नाही, सनद काढून दाखविली नाही. वजन करून पैसे दिले. मीही गेल्या सप्टेंबरात तेवढेच केले. त्यापलीकडचा विश्वास माझ्यापाशी आहे किंवा नाही, हे आज रात्री तरी मला सांगता यावयाचे नाही.

शनिवार, ता. 28. श्रीगोंदे तालुक्यातील एक वाडी

या वाडीत आमच्या मंडळीची सतरा घरे आहेत. पाझर तलावाचे काम चालू आहे. बांधावर माणसांची रांग मुंग्यांसारखी. मुकादमाच्या हातात हजेरीपट, झाडाखाली सुकडीचे पीठ वाटण्याचे पिंप, आणि दोन आठवड्यांची मजुरी थकलेली.

तेथे एक म्हातारा भेटला. सत्तरीचा असेल, गावात त्याला आबा म्हणतात. दिवसभर दगड फोडतो, आणि कामावरून सुटला की घरी न जाता आपल्या चार एकरांतल्या कोरड्या विहिरीत पहार घेऊन उतरतो. मी काठावर बसलो. तो खालून बोलत होता, त्यामुळे त्याचे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येई. चाळीस हात खोली झाली आहे, खाली मांजऱ्या दगड लागला आहे, त्याखाली काळा खडक असेल तर संपले, नसेल तर पाहू. एक सावकार चार एकरांना गिऱ्हाईक होऊन बसला आहे, आणि मुलगा म्हणतो की विकून पुण्यास जाऊ.

"तुमची नात वाचून दाखवते म्हणे शास्त्र?" मी विचारले.

"वाचती की. सातवीला हाय. सध्या यिर्मया चाललाय."

मग त्याने मला ती गोष्ट सांगितली, आणि मी इतकी वर्षे दस्त वाचून कधी वाचली नव्हती अशी सांगितली. यरुशलेमेला खाल्डी सैन्याचा वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो की अनाथोथचे माझे शेत तू विकत घे, हक्क तुझा आहे. बुडत्या बाजारात कोणी जमीन घेतो का? हा घेतो. सतरा शेकेल रुपे तोलतो, खत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, अशा दोन्ही बारूखाच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात घालून ठेवावयास सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. नोंदणीच्या कामात मला याहून चोख रीत आठवत नाही.

"आन मंग बघा," खालून आवाज आला, "समदं झाल्यावर त्येला भ्या वाटलं. मंग देवाला म्हनतो, गाव चाललंय दुश्मनाच्या हातात आन तू मला जमीन घ्यायला लावलीस व्हय!"

हे खरे आहे. रात्री मी तो बत्तिसावा अध्याय कंदिलाशी धरून पुन्हा पाहिला. यिर्मयाची शंका खतावर सही झाल्यानंतरची आहे, आधीची नव्हे. आणि देवाने ती शंका दाखल करून घेतली, फेटाळली नाही, तिला सविस्तर उत्तर दिले. कालच्या त्या इस्त्रीवाल्या तरुणाने हा अध्याय वाचलेला नसावा.

वर आल्यावर आबाने हात पुसले, आणि कचेरीच्या माणसाला विचारावे तसे मला विचारले: "भाऊसायेब, त्या यिर्मयाच्या शेताचा सातबारा पुढं कुनाच्या नावावर लागला?"

मी कित्येक वारसांना कित्येक वेळा उत्तरे दिली आहेत. याला देता आले नाही. यिर्मया तर पुढे लोकांबरोबर मिसरात नेला गेला. त्या शेतात त्याने नांगर धरल्याचे कोठे लिहिलेले नाही. भांडे कोणी उकरले, खत कोणी वाचले, याविषयी शास्त्र गप्प आहे. मी तसे सांगितले.

"आस्सं," आबा म्हणाला. त्याला त्यात वाईट वाटल्यासारखे दिसले नाही. मग पहार खांद्यावर टाकून, "उद्या रईवार. सोमवारी उतरन," असे म्हणून तो चालू लागला. त्याच्या सुनेने आम्हांस सुकडीच्या वड्या करून दिल्या, गूळ घालून. चांगल्या झाल्या होत्या. मी चार खाल्ल्या.

रविवार, ता. 29. तीच वाडी

सकाळी उपासना. देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली. साडेआठलाच भट्टी झाली. भजने टाळ-मृदंगावर, आणि सुरात. अर्पणाच्या टोपलीत नाणी थोडी, बाकी मूठमूठ मिलो. एका पोराने सुकडी टाकली आणि आई पाहत नाही असे पाहून त्यातली चिमूट परत घेतली. मी पाहिले. त्यानेही पाहिले की मी पाहिले.

आबाची नात शास्त्रपाठ वाचावयास उभी राहिली. आवाज खणखणीत. यिर्मयाच्या त्याच अध्यायातला सही-शिक्क्यांचा भाग तिने तहसिलीतल्या नोटिशीसारखा वाचला.

दुपारी निजलो. पाच तास. इतका निजलो नव्हतो सप्टेंबरापासून.

सोमवार, ता. 30. दौंड

एस. टी. 1 रु. 85 पैसे. उशीर दोन तास. चहा 25 पैसे. भाकरी बरोबर होती. स्टेशनावर मुक्काम.

बुधवार, ता. 2 मे. केडगाव

काल लिहिले नाही. काल मुक्ती मिशनमध्ये नुसता हिंडलो.

येथे येण्याचे कारण पहिल्या लेखांकात सांगितले नाही, ते आता सांगतो. माझ्या पत्नीची आई 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून येथे आणलेल्या मुलींपैकी होती. आईबापांची नावे तिला सांगता येत नव्हती; वय सहा, हे दातांवरून ठरविले. ज्या बाईने तिला उचलून आणले तिचे आईबाप व बहीण 1874 च्या सुमारास दुष्काळातच उपासमारीने गेले होते, आणि ती स्वतः भावाबरोबर सारा देश पायी तुडवीत कलकत्त्यास पोचली होती; म्हणून भुकेल्या पोरींची गणती करताना पंडिता रमाबाई कागदावरच्या आकड्यांकडे पाहत नव्हत्या.

माझी सासू येथल्या छापखान्यात खिळे जुळवीत असे. रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे मूळ इब्री व ग्रीक भाषांतून मराठीत, खेड्यातल्या बायकांना समजेल अशा साध्या भाषेत भाषांतर करण्यास घेतले, त्या कामास सुमारे अठरा वर्षे लागली. कान गेले होते, प्रकृती ढासळत होती, 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा वारली, तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळे झालेले होते. ग्रंथ मात्र 1924 मध्ये बाहेर पडला. छापील, बांधलेला असा त्यांनी तो पाहिलाच नाही. अठरा वर्षे रोज सकाळी उठून एका शब्दाऐवजी दुसरा, काना इकडचा तिकडे, असे करीत बसणे याला माझ्या सासूबाई 'वाट पाहणे' म्हणत नसत. त्या म्हणत, "बाई प्रुफं बघायच्या."

त्या ग्रंथाची एक प्रत येथे पाहावयास मिळाली. यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय काढला. सतरा शेकेल तेथेही आहेत. सातबारा तेथेही नाही.

पत्नीने आजारात दुधाच्या पैशांतून बाजूला टाकलेले 101 रुपये, तिने सांगितल्याप्रमाणे, कार्यालयात भरले. पावती कोणाच्या नावे, असे विचारले. तिच्या नावे फाडून घेतली. हयात की मयत, असे विचारले नाही. आमच्या कचेरीत विचारले असते.

दुपारी आबाच्या नातीस कार्ड टाकले: "चि. मुलीस. सर्वांस सलाम. शेताचा शोध केडगावातही लागला नाही. तुम्ही वाचणे चालू ठेवावे. विहीर किती हात झाली ते आबांस विचारून उलट टपाली कळवावे."

कार्ड 10 पैसे. पुण्याचे तिकीट 1 रु. 60 पैसे. गाडी पन्नास मिनिटे उशिरा.