मामाच्या टॅक्सीला हळद लागली

मुलांनो, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तुम्ही बसला असाल. पण पद्मिनीत बसला होतात का? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून ही फियाट बनू लागली आणि पुढे तिचे नाव पडले प्रीमियर पद्मिनी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सी वीस वर्षांपेक्षा जास्त चालवता येत नाही, म्हणून २०२३ साली पद्मिनी रस्त्यावरून गेली.

माझा मामा लालबागला चाळीत राहायचा. १९८२ च्या संपात त्याची गिरणी सुटली, ती सुटलीच. मग त्याने टॅक्सी घेतली. घर त्या टॅक्सीवर चालायचे.

१९९९ चा मे महिना. मुंबईच्या बायकांचा हा मसाल्याचा महिना. लालबागच्या मसाला गल्लीत डंकांची धडधड चाललेली, येणारा-जाणारा प्रत्येकजण शिंकत असायचा! मामीने मसाला आणि हळद कुटून आणली. त्यातली मावशीची वाटणी गिरगावात पोचवायला मामा निघाला. मीही टॅक्सीत जाऊन बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत हळदीची पुडी.

लालबागला तेव्हा आताचा उड्डाणपूल नव्हता. चिंचपोकळीपर्यंत गाड्यांची रांग. कशीबशी राणीच्या बागेजवळ आलो आणि बॉनेटमधून भस्सकन वाफ निघाली. मामाने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. मी उत्साहाने म्हटले, "मामा, झाकण उघडून पाणी ओतू?"

"हात लावायचा नाही!" मामा एवढ्या जोरात ओरडला की मी रडायच्या बेतात आले.

नंतर त्याने आपला उजवा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेली. कधीतरी घाईत झाकण काढले होते, त्याची ती खूण. घरातला कुकर आठवा. आत वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. रेडिएटरचेही तसेच. झाकण उघडले की दाब एकदम जातो, आणि तेच पाणी क्षणात उकळून अंगावर उसळते.

आम्ही अर्धा तास थांबलो. मग मामाने झाकणावर जाड फडके टाकून, तोंड बाजूला करून, ते थोडेसेच फिरवले. फुस्स... वाफ संपल्यावरच ते काढले. डिकीतल्या कॅनमधले पाणीही हळूहळू ओतले. तापलेल्या इंजिनात गार पाणी भसाभस ओतले तर लोखंडाला तडा जातो. "मग महिनाभर गाडी गॅरेजात आणि आपण घरात," मामा म्हणाला.

पाणी गेले कुठे, हे शोधायचे होते. पंख्याचा पट्टा त्याने अंगठ्याने दाबून पाहिला, ठीक होता. रबरी नळ्या चाचपल्या, त्याही कोरड्या. शेवटी रेडिएटरच्या जाळीतून टप् टप् गळताना दिसले. इंजिनातले गरम पाणी या जाळीच्या बारीक नळ्यांतून खाली उतरते, वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात जाते. त्यातल्या एका नळीला सुईएवढे भोक पडले होते.

मामाने माझ्या पिशवीकडे पाहिले. "काढ गं ती हळद."

मला वाटले, तो थट्टा करतोय! पण त्याने खरेच मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकली आणि इंजिन सुरू केले. पाण्याबरोबर फिरता फिरता हळद फुगते आणि भोकात जाऊन बसते. थोड्या वेळाने गळती थांबली. दाबाने बूच निघू नये म्हणून झाकण सैलच ठेवले. वाटेत दोनदा पाणी घालत आम्ही ग्रँट रोडवरून ऑपेरा हाउस गाठले. तिथे सुट्या भागांच्या दुकानातून मामाने डाग द्यायचे कथील घेतले. मावशीने पुडी तळहातावर तोलली आणि मामाकडे नुसते पाहिले!

त्यानंतर दोन दिवस टॅक्सी पुन्हा तापू लागली. गळती तर नव्हती, मग? मामाने एक दिवसाच्या कमाईवर पाणी सोडले आणि चाळीसमोर रेडिएटर उतरवला. तोंडे बंद करून तो पाण्याच्या पिंपात बुडवला, मला सायकलचा पंप मारायला लावले. पंक्चर काढतात ना, अगदी तसे. जिथून बुडबुडे आले तिथे त्याने खडूने खूण केली. मग जागा घासून, नवसागर लावून, तापलेल्या तांब्याच्या अवजाराने कथिलाचा डाग दिला. तेव्हाचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत, म्हणून हे जमले. आताच्या ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या रेडिएटरला असा डाग बसत नाही.

पण खरी गंमत पुढेच होती. मामाने नळाचे पाणी उलट्या बाजूने सोडले, तेव्हा जाळीतून पिवळा चिखल बाहेर आला. हळदीने भोक बुजवले होते तशा चांगल्या नळ्याही बुजवल्या होत्या! मामा डोक्याला हात लावून बसला. "मूठभर नको होती रे," स्वतःशीच पुटपुटला, "चमचाभर पुरली असती."

पाणी स्वच्छ यायला तासभर लागला. तोवर चाळीचे अख्खे गटार पिवळेधमक. वरच्या मजल्यावरच्या आजींनी कठड्यावरून वाकून विचारले, "काय रे, कुणाची हळद आहे आज?"

"टॅक्सीची!" मी खालून ओरडले.