सुरांना घर देणारी वस्ती

अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदीच्या एका मोठ्या वळणावर न्यू ऑर्लिन्स हे शहर वसले आहे. या शहरातील काँगो चौकात गुलामगिरीच्या काळी आफ्रिकी वंशाचे लोक रविवारी जमत, ढोल वाजवीत, गात व नाचत. अशा तालांशी पुढे युरोपीय वाद्यांचा मेळ जमला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॅझ संगीत उदयास आले. जगद्विख्यात ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग १९०१ साली याच शहरात जन्मला.

आजही तेथे एखाद्या वादकाची अंत्ययात्रा निघाली, की पितळी वाद्यांचा ताफा बरोबर चालतो. जाताना संथ, शोकाकुल सूर. परतताना मात्र पाय थिरकविणारा ठेका! येथील मुले हे संगीत रस्त्यावर, चर्चमध्ये आणि शेजाऱ्याच्या ओसरीवर ऐकत ऐकत शिकतात.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ आले. बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. अनेक वादकांची घरे आणि वाद्ये नष्ट झाली. कुटुंबे दूरदूरच्या गावी पांगली. वाद्य पुन्हा विकत घेता येते. पण शेजार कोठून विकत आणावा?

हा प्रश्न ओळखून ब्रॅनफोर्ड मार्सालिस आणि हॅरी कॉनिक ज्युनियर या दोन भूमिपुत्र कलावंतांनी 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या सेवाभावी संस्थेच्या साह्याने संगीतकारांची वस्ती उभारण्याचे ठरविले. २००६ साली नवव्या वॉर्डात काम सुरू झाले. ठिकठिकाणांहून आलेल्या स्वयंसेवकांनी हाती हातोडी घेतली. घर घेणाऱ्यानेही बांधकामावर ठरावीक तास श्रम करावयाचे आणि बिनव्याजी कर्ज हप्त्याहप्त्याने फेडावयाचे, अशी संस्थेची रीत आहे.

यात एक अडचण उभी राहिली. रात्रीच्या मैफलीवर जगणाऱ्या वादकाची कमाई अनियमित. तिचे कागद तो कोठून दाखविणार? त्यामुळे प्रारंभी अनेकांचे अर्ज फेटाळले गेले. तरीही काम थांबले नाही. ७२ घरे उभी राहिली आणि त्यांतील बहुतेक घरांत संगीतकार राहावयास आले. जमिनीपासून उंच उचललेली, रंगीबेरंगी आणि पुढे ओसरी असलेली ही घरे आहेत.

आपल्याकडे गायकीच्या परंपरेस 'घराणे' म्हणतात. मार्सालिस कुटुंब हे असेच एक घराणे होय. पियानोवादक एलिस मार्सालिस हे नामांकित शिक्षक. त्यांचे ब्रॅनफोर्ड, विन्टन, डेल्फियो आणि जेसन हे चार पुत्र वादक झाले. हॅरी कॉनिक हाही त्यांचाच शिष्य. त्यांच्या नावाचे संगीत केंद्र २०११ साली वस्तीच्या मध्यभागी उघडले. तेथे मैफलीचे सभागृह आहे, ध्वनिमुद्रणाची सोय आहे आणि शाळा सुटल्यावर मुलांना वाद्यवादनाचे शिक्षण मिळते. १ एप्रिल २०२० रोजी कोविडच्या साथीत एलिस मार्सालिस निवर्तले. त्यांच्या नावाच्या या वास्तूत त्यांच्या विद्येचा वारसा पुढे चालला आहे.

वाचकहो, न्यू ऑर्लिन्सला जाण्याचा योग आलाच, तर जुन्या भागातील मैफली अवश्य ऐकाव्यात. पण एखाद्या सायंकाळी या वस्तीतूनही फेरी मारावी. जेथे कलावंताला निवारा व मुलांना शिक्षक मिळतो, तेथे कला कशी रुजते, हे आपणांस तेथे पाहावयास मिळेल.