आबांचा ढोल आणि नातीचा ट्रॉम्बोन

"आजी, आजोबा, मी कॉलेजच्या बँडमध्ये आहे. ट्रॉम्बोन वाजवते," असे नातीने अमेरिकेहून फोनवर सांगितले तेव्हा आम्ही दोघेही गप्प झालो. तिला वाटले फोन कट झाला. "हॅलो, हॅलो" करीत राहिली. शेवटी आमच्यापैकी एकाने "बरं बरं, अभ्यास सांभाळून कर हो" एवढेच म्हटले आणि विषय बदलला.

बँड म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे काय येते ते वाचक बंधुभगिनींना सांगायला नको. लग्नाच्या वरातीत लाल कोट घालून, घामाने भिजून रात्री उशिरापर्यंत वाजवणारी आणि शेवटच्या पंगतीनंतर मंडपामागे ताटासाठी ताटकळणारी माणसे. त्यांना आम्ही कमी लेखत नाही. ती आपलीच माणसे आहेत. पण आमच्या घरात वाजवणे या शब्दालाच एक जखम आहे.

ती जखम आबांची. आमच्यापैकी एकाचे ते वडील आणि दुसऱ्याचे सासरे, पण चाळीस वर्षे एका खोलीत राहिल्यावर असला हिशेब कोण ठेवतो? आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात. तिथे शिमग्याला पालखी निघाली की खालूबाजा वाजवण्याचे काम आमच्या वाडीकडे. सनई, ढोल, टिमकी, झांज. आबा ढोल वाजवीत. पालखी सहाणेवर बसली की वाजवणाऱ्यांनी खाली, नेमून दिलेल्या जागीच उभे राहायचे. पालखीला हात लावायचा नाही. वरून खोबऱ्याचा तुकडा आणि सुपातले चार मुठी भात टाकतील ते पदरात घ्यायचे. गाव याला "तुमचा मान" म्हणे. ज्याला नाही म्हणायची सोय नाही तो कसला मान, असे आबा म्हणत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. आबा नागपूरला जाऊ शकले नव्हते, पण पुढचा शिमगा आला तेव्हा वाडीची बैठक बसली आणि यापुढे वाजवायचे नाही असे ठरले. मग जे व्हायचे ते झाले. दुकानातले मीठ बंद झाले, वाट बंद झाली, कसायला असलेला जमिनीचा तुकडा काढून घेतला गेला. आबा मुंबईला येऊन गिरणीत लागले. ढोलाचे कातडे उंदरांनी खाल्ले आणि लाकडी खोड गावच्या घरी माळ्यावर पडले. आईंनी त्यात बियाणे ठेवायला सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघांनी पाहिली आहे. बीडीडी चाळीतल्या त्या खोलीत, रात्रपाळीहून आल्यावर, कोणी बघत नाही असे वाटले की आबांची बोटे पत्र्याच्या ट्रंकेवर चालत. रेडिओवर सी. रामचंद्रांचे गाणे लागले तर हमखास. आमचा मुलगा लहान असताना एकदा त्यांची नक्कल करून ट्रंक बडवू लागला, तर आबांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "पुस्तक घे हातात," म्हणाले. मुलाने पुस्तक घेतले, इंजिनियर झाला, अमेरिकेला गेला. घरात तबला-पेटी कधी आली नाही.

आणि त्याच मुलाची मुलगी आता बँडमध्ये! तिकडच्या सरकारी शाळांत दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या हाती वाद्य देतात, तसा हिच्या हाती ट्रॉम्बोन आला. पितळेचे लांब वाद्य, पडदे नाहीत, बटणे नाहीत. नळी पुढेमागे सरकवून सूर शोधायचा. शाळा सुटली तरी ट्रॉम्बोन सुटला नाही.

एप्रिलमध्ये आम्ही न्यू जर्सीला गेलो. भीमजयंती तिकडच्या मंडळींबरोबर साजरी केली. अमेरिकेत एप्रिल हा जॅझ संगीताचा महिना म्हणून पाळतात, तेव्हा कॉलेजाकॉलेजांत कार्यक्रम असतात. नातीच्या कॉलेजातही होता. कॉलेजचे पथक, आणि त्यांच्याबरोबर वाजवायला न्यूयॉर्कहून दोन पाहुणे वादक: एक ऐंशी ओलांडलेले सॅक्सोफोनवाले, एक साठीचे ड्रमवाले. दोघेही कृष्णवर्णीय.

दुपारी पाहुणे मुलांची तालीम घेणार होते. सूनबाईंनी आम्हालाही नेले. आम्ही सवयीने शेवटच्या रांगेत बसलो. सतरा मुले-मुली होती: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, गिटार, बास आणि ड्रम. गोरी, काळी, चिनी, आणि एक आमची. जॅझमध्ये आधी सर्वांनी मिळून धून वाजवायची, मग तीच चौकट कायम ठेवून एकेकाने उभे राहून आपल्या मनाचे वाजवायचे, आणि शेवटी पुन्हा सर्वांनी धुनेवर यायचे. ब्लूज नावाच्या प्रकारात ही चौकट बारा मात्राखंडांची असते. बारा संपले की पुन्हा पहिल्यावर. तबल्याचे आवर्तन ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच कळेल.

नातीची पाळी आली. ती समोरच्या कागदावर नजर ठेवून नीटनेटके वाजवू लागली. म्हाताऱ्या पाहुण्यांनी हात वर करून सर्वांना थांबवले, तिच्यापुढचा कागद काढून घेतला आणि म्हणाले, आधी गाऊन दाखव. ती लाजली. मग काहीतरी गुणगुणली. ते म्हणाले, आता हेच वाजव. तिला जमले नाही. पुन्हा म्हणाले, पुन्हा नाही. चौथ्या खेपेला जमले. रागावणे नाही, शाबासकीही नाही. मान हलवून पुढच्या मुलाकडे वळले. वाद्य शिकवणारा माणूस असा असतो हे आम्ही साठी उलटल्यावर पाहिले.

मधल्या सुट्टीत नातीने आम्हाला कॉफी आणून दिली आणि शेजारी बसून सांगू लागली. हा विषय तिला वर्गातही शिकवतात. "आजोबा, जॅझ सुरू झालं ते मुळात मिरवणुकीच्या बँडमधूनच. न्यू ऑर्लिन्समध्ये लग्न असो, मयत असो, रस्त्यावर बँड लागायचा." आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिला आबांची गोष्ट माहीत नव्हती. आम्हीच कधी सांगितली नव्हती.

पुढे तिने जे सांगितले ते आम्हाला रात्रभर पुरले. १७३९ साली दक्षिण कॅरोलायनात गुलामांनी उठाव केला, ते ढोल वाजवीत चालून गेले. दुसऱ्या वर्षी कायदा झाला आणि गुलामांना ढोल बाळगण्याची व वाजवण्याची बंदी झाली. ढोलातून निरोप जातो, माणसे जमतात, याची मालकांना भीती. म्हणजे तिथे ढोल वाजवला तर शिक्षा आणि आमच्याकडे नाही वाजवला तर शिक्षा! मग त्यांच्या पोरांनी वाद्य हातात धरले आणि आबांनी खाली ठेवले, ही दोन कामे वेगळी कशी म्हणावीत?

पण कॉलेजचे दार त्या संगीताला सहज उघडले असे समजू नका. जॅझची पहिली पदवी टेक्ससमधील नॉर्थ टेक्सस या कॉलेजाने १९४७ साली सुरू केली. जॅझ हा शब्द प्रतिष्ठित नव्हता म्हणून तिला "डान्स बँड" असे नाव दिले. आणि गंमत अशी, गंमत कसली, की ज्यांचे हे संगीत त्या कृष्णवर्णीय मुलांना त्या कॉलेजात तेव्हा प्रवेशच नव्हता. पदवीच्या वर्गात ती मुले १९५६ साली येऊ शकली. १९५६ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे.

बाहेरच्या वादकांचेही तसेच. डेव्ह ब्रुबेक हा गोरा पियानोवादक कॉलेजाकॉलेजांत फिरून वाजवीत असे. त्याच्या चौकडीत यूजीन राइट हा बास वाजवणारा कृष्णवर्णीय होता. १९५८च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातील एका कॉलेजाने राइटला रंगमंचावर येऊ देण्यास नकार दिला. ब्रुबेक म्हणाला, मग कोणीच वाजवणार नाही. बाहेर विद्यार्थी खोळंबले होते. शेवटी राइटने मागे, फारसे न दिसता उभे राहावे अशी तडजोड निघाली. ब्रुबेकने काय करावे? कार्यक्रम सुरू असताना राइटला सांगितले, तुझा माइक बिघडलाय, पुढे येऊन माझ्या माइकवर वाजव. आणि राइट सर्वांच्या पुढे येऊन वाजवू लागला. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने ही चौकडी आपल्या देशाची शान म्हणून परदेश दौऱ्यावर पाठवली आणि ती मुंबईलाही येऊन गेली. तेव्हा आबा गिरणीत साचे चालवीत होते. १९६० साली दक्षिणेकडच्या कॉलेजांनी पुन्हा राइटला वगळण्याची अट घातली, तेव्हा पंचवीसपैकी वीसहून अधिक कार्यक्रम ब्रुबेकने सोडून दिले. नुकसान सोसले. आपल्या गावात सहाणेवर उभ्या असलेल्यांपैकी एक जण जरी तेव्हा खाली उतरून आबांच्या शेजारी उभा राहिला असता, तर? असो.

संध्याकाळचा कार्यक्रम भरलेल्या सभागृहात झाला. पहिली धून "टेक द ए ट्रेन" ही होती. बिली स्ट्रेहॉर्न यांची ही रचना ड्यूक एलिंग्टन यांच्या पथकाने गाजवली. ए ट्रेन म्हणजे न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीकडे जाणारी भुयारी रेल्वे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमला लागूनच आहे. त्या काळी ही गाडीही नव्हती आणि जॅझची तबकडीही निघाली नव्हती. (पहिली निघाली १९१७ साली, तीही गोऱ्यांच्या पथकाची.) बाबासाहेब गाणे-बजावणे ऐकत हिंडले असतील असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना ग्रंथालयातून उठायला वेळ नव्हता. पण उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते हे आपण वाचले आहे. त्या सभागृहात आम्हाला ते आठवले. वाद्य हाती घेणे त्यांना कमीपणाचे वाटले नव्हते.

तिसऱ्या की चौथ्या धुनेत नात उभी राहिली. दोन आवर्तने तिची होती. पहिल्याच वळणावर ती अडखळली, नळी पुढे गेली आणि सूर आलाच नाही. आम्ही खुर्चीचा हात घट्ट धरला. तेवढ्यात बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यांनी सॅक्सोफोनवर हळूच दोन सूर काढले, कोणाला कळणारही नाहीत इतके हळू. तिने ते उचलले. पुढचे तिने काय वाजवले ते सांगण्याइतके आम्हाला कळत नाही, पण दुपारचे गुणगुणणे त्यात होते. लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. तिथे तशी पद्धत आहे.

कार्यक्रमानंतर चहापाण्याच्या वेळी नातीने आमची त्यांच्याशी ओळख करून दिली. आम्ही हात जोडून "जय भीम" म्हटले, तिने अर्थ सांगितला. विचारायचे बरेच होते, पण तोंडून पहिला प्रश्न निघाला तो आबांचाच म्हणावा लागेल: "तरुणपणी दक्षिणेत वाजवायला जायचा, तेव्हा तुम्हाला जेवण कुठे वाढायचे?" नातीला हा प्रश्न इंग्रजीत विचारायला संकोच वाटला. तिने विचारला. म्हातारेबुवा आधी पुष्कळ हसले. मग म्हणाले, बसमध्ये. हॉटेलात वाजवायचे, येणे-जाणे स्वयंपाकघराच्या दाराने, आणि जेवायचे आपल्या बसमध्ये बसून. त्यांनी आम्हाला उलट विचारले, हे तुम्हाला कसे सुचले? तेव्हा आम्ही आबांची गोष्ट सांगितली. नात एकेक वाक्य इंग्रजीत करीत होती आणि ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होती. सुपातल्या भातापाशी ती थांबली. ते तिला इंग्रजीत आणता येईना.

त्यांनी ऐकून घेतले. वाजवणे सोडले ते बरे केले की वाईट, याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. फक्त विचारले, "मग ते कधीच वाजवीत नसत?" आम्ही ट्रंकेचे सांगितले. त्यांनी मान हलवली, दुपारी हलवली होती तशीच.

परतताना गाडीत आमचे दोघांचे वाजले. एकाचे म्हणणे, आबा आज असते तर मध्येच उठून बाहेर गेले असते; ज्यासाठी त्यांनी मीठ-पाणी तोडून घेतले तेच नात करतेय असे त्यांना वाटले असते. दुसऱ्याचे म्हणणे, छे, पुढच्या रांगेत बसून त्यांनी गुडघ्यावर ताल धरला असता. तिला कोणी वाजव म्हटले नाही, तिने स्वतः धरले, हे त्यांना आमच्याआधी कळले असते. सूनबाई गाडी चालवीत होत्या, त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं आबांसाठी भांडताय की स्वतःसाठी?" यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही.

मागच्या सीटवरून नातीने विचारले, "पण पणजोबा वाजवायचे काय? म्हणजे, ठेका कसा होता?"

आमच्यापैकी एकाने पुढच्या सीटच्या पाठीवर वाजवून दाखवला. दुसऱ्याने लगेच, असा नव्हता, म्हणून आपला वाजवला. दोन्ही वेगळे निघाले. नातीने दोन्ही फोनमध्ये टिपून घेतले आणि बरोबर कुठला ते शोधा म्हणाली. परत आल्यावर गावी चुलतभावाला फोन केला. वाडीत आबांबरोबर टिमकी वाजवणारे एक जण अजून आहेत, कानाने कमी ऐकतात, पण पावसाआधी जाऊन त्यांना भेटतो म्हणाला. ढोलाचे खोड माळ्यावरच आहे. त्यात अजून बियाणे ठेवतात.