प्रताप नगरातली जर्मन मोटार

वर्धा रोड सोडून खामल्याच्या बाजूला वळले, की धावपळीचे नागपूर मागे पडते आणि ले-आउटांचे नागपूर सुरू होते. आमचे प्रताप नगर त्यातलेच. आखीव प्लॉट, कुंपणाच्या आत एखादा कडुलिंब, फाटकाशी जास्वंद, आणि दर चार घरांमागे एक गतिरोधक. या गतिरोधकांचा हिशेब ज्याला तोंडपाठ आहे, असा या वस्तीत बहुधा मीच एकटा. कारण माझ्या फाटकाच्या आत पंधरा वर्षांची एक जर्मन मोटार उभी आहे, आणि तिचे पोट जमिनीपासून फार वर नाही.

मराठीच्या प्राध्यापकाला असली मोटार कशाला, असे पुष्कळांना वाटते. ती दहा वर्षांची असताना मी घेतली, आणि एका नव्या छोट्या गाडीच्या किमतीत घेतली. चार दारे, मागे तिघांची ऐसपैस बैठक, म्हणजे रूप सगळे संसारी. पण पाय धावपटूचे. या जातीच्या मोटारींना मोठे नाव मिळाले ते म्युनिकच्या बीएमडब्ल्यूने 1962 साली ‘1500’ ही मोटार बाजारात आणल्यावर. ऑडीची कुळकथा तर आम्हा भाषेच्या माणसांनी मुद्दाम ऐकावी अशी. ऑगस्ट हॉर्च या गृहस्थांनी स्वतःच काढलेली कंपनी सोडून 1909 मध्ये दुसरी काढली. पण जुन्या कंपनीमुळे त्यांना स्वतःचेच नाव वापरता येईना. जर्मन भाषेत ‘हॉर्च’ म्हणजे ‘ऐक!’. त्याचे लॅटिन केले, ते ‘ऑडी’. भाषांतराने एवढी मोठी कमाई क्वचितच कोणाला दिली असेल!

या मोटारी परदेशी खऱ्या, पण पुष्कळशा जुळल्या आपल्याच मातीत. मर्सिडीजची जुळणी 1995 पासून पुण्याच्या परिसरात होऊ लागली आणि 2009 मध्ये चाकणला तिचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. ऑडीची जुळणी 2007 मध्ये शेंद्र्याला सुरू झाली. शेंद्रे म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या शेजारचे. बीएमडब्ल्यूने त्याच वर्षी चेन्नई गाठली. आमची मोटार यांपैकी कोणत्या घराण्यातली, ते मी सांगणार नाही. पुढे जे सांगतो आहे ते दोष वयाचे आहेत, घराण्याचे नव्हेत.

जुन्या जर्मन मोटारीचे सारे अर्थशास्त्र एका वाक्यात मावते: मोटारीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. तीस लाखांची मोटार पाच लाखांना मिळते. पण तिच्या पुढच्या चाकांचे दांडे, इंजिनाखालची रबरे, पाण्याचा पंप हे सगळे आपण तीस लाखांच्या मोटारीचे आहोत, हे विसरत नाहीत. मग दिल्लीच्या काश्मिरी गेटला किंवा मुंबईत कुर्ल्याला चौकशी करायची, भाग कुरियरने मागवायचा आणि तो बरोबर निघावा म्हणून देवाला हात जोडायचे.

त्यातून आमचे नागपूर! मे महिन्यात पारा 45 ओलांडतो तेव्हा माणसे घरात बसतात. मोटारीतली प्लॅस्टिकची नळी कुठे बसणार? तापणे आणि निवणे, तापणे आणि निवणे, यांनी ती आतून ठिसूळ होते आणि एके दिवशी तडकते. पाणी गेले, की इंजिन तापले. आणि तापलेले इंजिन तसेच पुढे दामटले, तर दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या किमतीला गाठतो. म्हणून आमच्या घरी उन्हाळ्याची तयारी दुहेरी असते. सौभाग्यवती कूलरच्या ताट्या बदलून घेतात, मी मोटारीच्या नळ्या.

खरा आधार आहे तो मिस्त्रींचा. रिंग रोडच्या अलीकडे त्यांचे टिनाच्या छपराचे गॅरेज आहे. एकदा इंजिन अडखळू लागले. मिस्त्रींनी सुकाणूखालच्या सोळा टाचण्यांच्या खोबणीत यंत्र जोडले. पडद्यावर अक्षरे उमटली, ‘पी 0300’. म्हणजे इंजिनात ठिणगी आणि जळण यांचा मेळ कुठेतरी चुकतो आहे. नेमके कुठे, ते त्यावरून कळत नाही.

‘‘सर, मशीन रोग नाही सांगत,’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘रोग आपल्याले शोधा लागते.’’

मग त्यांनी बॉनेटवर हात टेकून नुसते ऐकले. मीही ऐकले, आणि मला ऐकू आला तो चक्क छंदोभंग! चार मात्रांच्या गणात एक मात्रा गळत होती. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलली आणि वृत्त पुन्हा जुळले. वर्गात जे मी पंचवीस मिनिटे फळ्यावर सांगतो, ते मिस्त्री दोन मिनिटांत कानाने सांगतात.

एवढी उस्तवार कशासाठी? तर जालन्यासाठी. तिथे माझी आई असते. वय शहात्तर, गुडघे दुखरे, आणि दवाखाना नागपूरचा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला आणि 5 जून 2025 ला सगळा 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. वेगाची मर्यादा 120. त्या वेगाला ही मोटार जमिनीला अशी चिकटून चालते, की आई वाशीमपर्यंत झोपलेली असते. पण हा रस्ता चुकीला क्षमा करत नाही. सिमेंटच्या तापल्या पाठीवर तासन्‌तास एकसारखे धावताना जीर्ण टायर फुटतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 असेल, तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. निघण्यापूर्वी मी हे आकडे पाहतो, थंड टायरांत हवा भरतो, आणि शंका आलीच तर बस पकडतो.

यंदा नोंदणीची पंधरा वर्षे भरली. फेरनोंदणीचे शुल्क 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाले. शिवाय पर्यावरण कर, शिवाय तपासणी. पंपावरचे पेट्रोलही आता 20 टक्के इथेनॉलचे, आणि जुन्या मोटारीची रबरे त्यासाठी घडवलेली नाहीत. लेक पुढच्या वर्षी कॉलेजात जाईल. सौभाग्यवतींनी खर्चाची वही पुढ्यात ठेवली. पाच वर्षांतली बेरीज खरेदीच्या निम्म्यावर गेली होती.

‘‘अहो, विकायची नाही म्हणता, तर किती दिवस ठेवायची ते तरी ठरवा,’’ त्या म्हणाल्या.

रास्तच होते. आम्ही दोघांनी मिळून दोन गोष्टी ठरवल्या. दरमहा ठरावीक रक्कम मोटारीच्या नावाने बाजूला टाकायची. लेकीच्या शिक्षणाच्या पैशाला हात लावायचा नाही. आणि दुसरी, जी वहीत लिहिलेली नाही: आईला मागच्या आसनावर बसवताना ज्या दिवशी मन चरकेल, त्या दिवशी मोटार विकायची, मग इंजिन कितीही सुरात असो.

फेरनोंदणीचा अर्ज भरला आहे. मिस्त्रींनी पुढचे दांडे बदलायला सांगितले आहेत. दिल्लीहून ते निघाले आहेत म्हणे. भाऊबीजेला आईला आणायला जायचे आहे.