कोंडा ताजा, तर मासा वाढता

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालात की लाखनी मागे पडल्यावरही धानाच्या बांध्या आणि तलावांच्या पाळी तुमची सोबत सोडत नाहीत. 1999 साली गोंदिया वेगळा झाला, तरी भंडारा तलावांचा जिल्हाच राहिला. कोहळी मंडळींनी बांधलेल्या या जुन्या तलावांनी धानाला पाणी दिले आणि ढिवर बांधवांना मासळी.

शिवनीबांधासारख्या मोठ्या तलावात मासा पाण्यातल्या शेवाळावर व बारीक जीवांवर पोसतो. तुमच्या बोडीत मात्र बोटुकली दाट सोडलेली असते. तिथे वरून खाद्य द्यावेच लागते, आणि खरा पैसा तिथेच खर्ची पडतो.

रोहू, कटला, मृगळ यांच्या खाद्यात साधारण 6 ते 8 टक्के स्निग्धांश असला म्हणजे पुरे. का हवा? माशाला हिंडाफिरायची ताकद तेलातून मिळाली, तर ढेपेतली प्रथिने अंगी लागतात. तेल कमी पडले, तर तीच महागडी प्रथिने जळणासारखी खर्च होतात. उलट तेल फार झाले, तर चरबी पोटात साठते, मांस वाढत नाही.

आपल्याकडे गावोगावी राइस मिल आहे. तिथला ताजा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप निम्मी-निम्मी घ्या. वेगळे तेल ओतू नका. पण तेल काढून घेतलेल्या कोंड्यात स्निग्धांश जेमतेम एक-दीड टक्का उरतो. म्हणून कोंडा घेताना तो कोणता, हे आधी विचारा.

धानाच्या बांधीत उतेरा म्हणून पेरलेल्या जवसाचीही आठवण ठेवा. त्याच्या तेलातला एक घटक माशाला वाढीसाठी लागतो आणि तो कोंड्यात फार थोडा असतो. घाणीवरची जवसाची ढेप थोडी मिसळावी, जास्त नको. जनावरांची चरबी टाळा. थंड पाण्यात ती गोठते व माशाला नीट पचत नाही.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे खवटपणा. कोंड्यातले तेल काही आठवड्यांतच बिघडते, पावसाळ्यात तर लवकरच. खवट खाद्याने मासा रोडावतो आणि न खाल्लेले खाद्य कुजून पाण्यातला प्राणवायू घटतो.

तेव्हा पंधरा दिवस पुरेल एवढाच कोंडा आणा, पोते जमिनीला न टेकवता कोरड्या जागी ठेवा, आणि टाकण्यापूर्वी मूठभर हुंगून पाहा. दर महिन्याला जाळे टाकून दहा-वीस मासे तोला व वजन वहीत लिहा. खाद्य अंगी लागते की नाही, हे ती वहीच तुम्हाला सांगेल.