ठोका कोणी द्यायचा?

उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाचा राऊटरशी काय संबंध, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच, भाची. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मग डिप्लोमा, आणि आता पुण्यात नेटवर्कच्या नोकरीसाठी मुलाखत. तिथे बिघाड शोधून दाखवायचा आणि कसा शोधला तेही सांगायचं. हात तयार होते, अडायचं तोंडाशी. इंग्रजीत विचारलं की येत असलेलंही विसरायची. मी म्हटलं, "आधी मला सांग. उर्दूत, मराठीत, कसंही."

जुन्या बाजारातून आणलेले दोन सिस्को २५०१ राऊटर, मध्ये एक सिरीयल केबल. पडद्यावर एकच ओळ, 'सिरीयल झिरो अप, लाईन प्रोटोकॉल डाऊन'.

"म्हणजे मामू, तार जोडलेली आहे, पण बोलणं होत नाही."

आमच्या नात्यात अशी दोन-तीन घरं आहेत, त्यामुळे हे लगेच कळलं.

"सिरीयलमध्ये बिट एकामागून एक जातात. एक कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला, हे कळायला ठोका लागतो. त्याला क्लॉक म्हणतात."

हा तर आमचा इमला! मुलांना श्रुतलेखन घालताना गती शिक्षक ठेवतो. सगळेच लिहायला बसले आणि सांगणारा कोणी नसला, तर वह्या कोऱ्याच राहतात. खऱ्या लाईनवर ठोका टेलिफोन कंपनीकडचं उपकरण देतं. घरी कंपनी कुठली? मग केबलचं डीसीई टोक ज्या राऊटरला, त्याने ते काम करायचं. टोक ओळखायला केबल चाचपत बसायची गरज नाही, 'शो कंट्रोलर्स' म्हटलं की राऊटर स्वतः सांगतो. तिने त्या बाजूला क्लॉक रेट ६४००० दिला, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट.

तरी डाऊनच. तिचा हात बटणाकडे गेला, बंद करून पुन्हा चालू करायला. मी अडवलं. बंद-चालू करून लागलेली लिंक मुलाखतीत सांगणार काय? बीएडला आम्हाला शिकवलं होतं की उत्तरापेक्षा रीत तपासा. बऱ्याच गोष्टी विसरलो, ही राहिली.

मग तिने दोन्ही टोकांवर 'शो इंटरफेसेस' पाहिलं. एकीकडे एचडीएलसी, दुसरीकडे पीपीपी. काही सांगितलं नाही तर सिस्कोचा राऊटर एचडीएलसी धरतो. दुसऱ्यात जुन्या मालकाची सेटिंग तशीच राहिली होती. एकाने उर्दू उजवीकडून लिहावं आणि दुसऱ्याने तोच कागद मराठीसारखा डावीकडून वाचावा, तसं. दोघंही शहाणे, पण अर्थ लागत नाही. दोन्हीकडे पीपीपी केलं. काही सेकंदांत प्रोटोकॉल अप. पिंग केलं तर पाच उद्गारचिन्हं.

पुढे चॅपचा पासवर्डही लावून पाहिला. त्यात प्रत्येक राऊटरने आपल्याकडे समोरच्याचं नाव लिहायचं असतं. हिने स्वतःचंच लिहिलं होतं. मी हसलो, तीही हसली.

एवढ्यात आपा दारात. "लिंक लागली ते ठीक. मुलगी पुण्यात राहणार कुठे?"

भाची गप्प झाली. मीही.

मुलाखत गेल्या मंगळवारी झाली. प्रश्न जवळपास हाच आला, इंग्रजीत. पहिलं वाक्य अडखळलं, मग क्लॉकपासून सुरुवात केली आणि पुढचं येत गेलं, असं म्हणाली. निकाल अजून यायचा आहे. आपाने मात्र काल माझ्याकडे मुलींच्या वसतिगृहाची चौकशी केली, भाची घरात नसताना.