आधी विचारावे, मग उचलावे

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत. वचन प्रेमळ आहे; परंतु घरातील वृद्धांस त्याने कधी कधी अपायच होतो. एकदा माणसास मूल ठरविले, की त्याला काही विचारण्याची गरज उरत नाही. त्याने काय खावे, कोठे निजावे, कोणाकडे राहावे, हे सारे इतरांनीच ठरवावयाचे! या सवयीचा शेवट कोठवर जातो, हे आमच्या इंदूर शहराने एकदा पाहिले आहे.

दिनांक २९ जानेवारी २०२१. दिवस थंडीचे होते. रस्त्यावर राहणाऱ्या काही निराधार वृद्धांना महापालिकेच्या ट्रकमध्ये घालून शहराबाहेर, देवासच्या रस्त्यावरील शिप्रा गावाजवळ उतरविण्यात आले. त्यांतील काहींना धड उभेही राहता येत नव्हते. गावकऱ्यांनी हटकले, चित्रफीत काढली, तेव्हा कोठे त्या वृद्धांना पुन्हा ट्रकमध्ये चढविण्यात आले. पुढे एका उपायुक्ताला निलंबित करण्यात आले. राष्ट्रीय स्वच्छता पाहणीत २०१७ पासून ओळीने चार वर्षे पहिल्या आलेल्या या नगरीस त्या दिवशी मान खाली घालावी लागली.

निर्दयपणाचा निषेध तर सर्वांनीच केला. आमच्या मनास मात्र दुसरीच गोष्ट लागून राहिली. त्या ट्रकमध्ये सारे वृद्ध एकसारखे होते. कोणाचे पाय गेले आहेत, कोण औषधावाचून आहे, कोणाचे नातेवाईक शोधल्यास सापडतील, हे विचारून घेण्यास वेळ तो कितीसा लागला असता?

याच शहरातील एका वृद्धाश्रमात आमचे जाणे-येणे असते. तेथे एके सकाळी एका मराठी आजींना त्यांचा पुतण्या घेऊन आला. परिचारिका सिस्टर काहीही विचारोत, उत्तर पुतण्याच देई. "तिला काही समजत नाही, सिस्टर. सगळं तुम्हांलाच करावं लागेल." सिस्टरनी त्याला चहाच्या निमित्ताने बाहेर पाठविले आणि खुर्ची आजींच्या अगदी जवळ ओढली.

"आजी, आंघोळ तुम्ही स्वतः करता, की कोणी घालतं?"

"पाणी काढून दिलं तर करते की."

"आणि जेवण?"

"भाकरी दुधात कुस्करून दिली तर हातानं जेवते. दात कुठं आहेत, बाई?"

अर्ध्या तासात सिस्टरच्या वहीचे पान भरले. आजींना उजव्या कानाने मुळीच ऐकू येत नव्हते. पुढे डॉक्टरांनी पाहिले तेव्हा तो कान मळाने गच्च भरलेला निघाला. डाव्या टाचेवर एक लाल चट्टा होता. सिस्टरनी तो बोटाने दाबून पाहिला; लाली हटली नाही. अंथरुणात एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची ती पहिली खूण. ती वेळीच दिसली, म्हणून त्याच रात्रीपासून टाच उशीवर अधांतरी ठेवण्यात आली आणि जखम टळली. ज्यांना 'काही समजत नाही' असे सांगितले जात होते, त्या आजींना सारे समजत होते. त्यांना ऐकू तेवढे येत नव्हते.

सिस्टरचे हे काम दिसावयास साधे. पण त्यामागे मोठी परंपरा आहे. लंडनजवळील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ मध्ये डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे सातशेहून अधिक जुनाट रुग्ण सोपविण्यात आले. कित्येक जण वर्षानुवर्षे खाटेवर पडून होते. डॉक्टरीणबाईंनी एकेकाला तपासले, ज्याची त्याची गरज ठरविली, आणि त्यांपैकी कितीतरी जण उठून हिंडूफिरू लागले, काही तर घरीही गेले. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेत डॉ. सिडनी कॅट्झ यांनी सहा गोष्टींची कसोटी सांगितली: आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वहस्ते जेवणे. आजारातून उठणाऱ्या माणसाच्या या शक्ती, मूल ज्या क्रमाने शिकते, त्याच क्रमाने परत येतात, असे त्यांस आढळले. म्हणजे 'दुसरे बालपण' या बोलण्यात काही तथ्य आहेच! पण त्याचा अर्थ एवढाच, की कोणती पायरी गेली आणि कोणती शाबूत आहे, हे पाहावे.

अमेरिकेत 'नर्सिंग होम' म्हणजे आपल्याकडचा खाजगी दवाखाना नव्हे. अशक्त वृद्ध जेथे कायमचे राहतात ते घर. तेथेही पूर्वी वृद्धांना खाटेस बांधून ठेवण्याचे प्रकार सर्रास होत. १९८७ च्या कायद्याने त्यास आळा घातला व प्रत्येक निवासी वृद्धाची पूर्ण पाहणी सक्तीची केली. वृद्ध आल्यापासून चौदा दिवसांत पहिली, मग दर तीन महिन्यांनी एक, दरवर्षी पुन्हा पूर्ण, आणि प्रकृतीत मोठा फरक पडला की लगेच. पाहणी पूर्ण झाल्याची सही नोंदणीकृत परिचारिकेची. २०१० पासून तर कित्येक प्रश्न थेट त्या वृद्धालाच विचारले जातात. आज कोणते कपडे घालावयाचे हे स्वतः ठरविणे तुम्हांस किती महत्त्वाचे वाटते, असाही एक प्रश्न त्यांत आहे. आपल्यांतील कित्येकांच्या मुली परिचारिका होऊन परदेशी गेल्या आहेत. त्यांना हे काम ठाऊक असेल.

अर्थात कागदाचा मोहही असतो. तिकडे १९९८ पासून सरकारी विम्याचा पैसा या नोंदींवर ठरू लागला. तेव्हा माणसापेक्षा नोंदच मोठी होण्याचे भय निर्माण झाले. म्हणूनच या परिचारिकेच्या अंगी कौशल्याइतकाच प्रामाणिकपणा हवा. जे पाहिले तेच लिहावे. लिहिले तेवढे करावे.

आपल्या देशात २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ हे मुलांचे कर्तव्य ठरविले आहे आणि वृद्धांस टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. पण प्रिय वाचकहो, टाकून देणे नेहमी ट्रकमधूनच होते असे नाही. ओटीवरच्या खाटेवर, वेळच्या वेळी ताट येत असतानाही, माणूस टाकलेला असू शकतो.

तेव्हा आपल्या घरी आजी-आजोबा असतील, तर येत्या रविवारी दुपारी त्यांच्यापाशी अर्धा तास बसा. वर सांगितलेल्या सहा गोष्टी एकेक करून त्यांनाच विचारा. टाचा, कंबर व माकडहाड उजेडात पाहा. चष्मा लागतो का, कान साफ आहेत का, गोळ्या कोणत्या व किती, हे एका वहीत लिहा. जे त्यांना अजून जमते, ते त्यांच्या हातून काढून घेऊ नका. जे जमत नाही, तेथे हात द्या. तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा उघडा. आणि शेवटी हेही विचारा, की आज तुम्हांला काय हवे आहे? उत्तर कदाचित अगदी लहानसे असेल: खाट खिडकीशी सरकवा, एवढेच. तेवढे त्याच दिवशी करा.